वाचनालयाच्या 486 ला पुन्हा वीज देताना

फेब्रुवारी 2024 च्या शेवटी आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमनी मला विचारलं, "सर, तो माळ्यावरचा कॉम्प्युटर चालू होईल काय?" वार्षिक तपासणी पुढं होती आणि 1993 ते 1997 या वर्षांच्या दाखल नोंदवहीचे खंड वाळवीनं पोखरले होते. त्या काळात आलेल्या पुस्तकांची यादी कागदाखेरीज एकाच ठिकाणी होती, माळ्यावरच्या 486 मध्ये, म्हणजे 486 प्रोसेसरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, डीबेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅमच्या फाइलीत. तीही मराठीत.

डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या त्या अक्षरी पडद्यावर, मराठी दिसायची ती सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डामुळं. हे कार्ड मदरबोर्डच्या आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्डं बसवायच्या जुन्या प्रकारच्या खाचेत, बसतं आणि मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येसुद्धा देवनागरी उमटवतं. मजकूर साठतो तो भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की कोडात, ज्याचं भारतीय मानक 1991 साली आलं. इस्कीचं युनिकोड, म्हणजे आज सगळीकडं चालणारा कोड, करता येतं, त्यात अवघड काही नाही. पण आधी डिस्क वाचता आली पाहिजे ना! मी लॅपटॉप आणि यूएसबीचं आयडीई अडॅप्टर (जुनी डिस्क यूएसबीला जोडायचं साधन) घेऊन वाचनालयात जाऊन पाहिलं. डिस्क फिरली, पण लॅपटॉपनं ओळख दिली नाही. ही अडॅप्टर्स डिस्कशी एलबीए पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक कप्प्याला सलग क्रमांक देऊन, बोलतात आणि त्या काळच्या बऱ्याच डिस्कना ती पद्धत ठाऊकच नसते. म्हणजे मूळ मशीनच चालू करणं आलं. आणि मशीन चालू करणं म्हणजे मुख्यतः त्याला नीट वीज देणं, हे पुढच्या तीन महिन्यांत कळत गेलं.

मी पेशानं इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही. बँकेतून निवृत्त झालोय, रेडिओ दुरुस्तीची जुनी हौस आहे, सोल्डरिंग येतं, एवढंच भांडवल.

पहिला अडसर विजेचा नव्हता, कागदाचा होता. मशीन संस्थेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढलेलं. निर्लेखन, म्हणजे बाद ठरवून नोंद काढणं, झालेलं नाही, त्यामुळं दाराबाहेर न्यायचं तर कार्यकारी मंडळाचा ठराव हवा. मार्चची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, कारण मंडळावरचे बहुतेक जण शिक्षक आणि सगळ्यांना निवडणुकीच्या प्रशिक्षणाचे आदेश आलेले. नागपूरचं मतदान पहिल्याच टप्प्यात, 19 एप्रिलला होतं. ठराव एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाला. तुमच्यावर अशी वेळ आली तर पत्र मोघम घेऊ नका. आमच्या पत्रात 'दुरुस्तीसाठी तात्पुरते' हे शब्द, मशीनचा डेडस्टॉक क्रमांक, आत असलेल्या प्रत्येक कार्डाचा उल्लेख आणि 'हार्ड डिस्कमधील माहिती संस्थेची राहील' हे वाक्य घालून घेतलं. उघडायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढले, तेही पत्राला जोडले. नंतर कुणी विचारलंच तर दाखवायला बरं पडतं.

19 तारखेला सकाळी मत देऊन आलो, कूलर लावला आणि गच्चीवरच्या खोलीत डबा उघडला.

आत 486 डीएक्स2-66, एएमआय कंपनीचा बायॉस (चालू होताच मशीन तपासणारा, बोर्डावरचा प्रोग्रॅम), 72 पिनांच्या रॅमच्या दोन काड्या, डिस्प्ले कार्ड, डिस्क आणि फ्लॉपी चालवणारं मल्टी आयओ कार्ड आणि जिस्ट कार्ड. धूळ अपेक्षितच होती. कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या आवरणाची पिंपासारखी बॅटरी होती आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय पसरलेली. ही 3.6 व्होल्टची निकेल कॅडमियम बॅटरी. वेळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला असते आणि म्हातारपणी हमखास गळते. गळतं ते अल्कलाइन असतं, तांब्याच्या रेघा खात जातं. तुमच्याकडचं मशीन तुम्ही आता चालू करणार नसाल, तरी ही बॅटरी मात्र आजच कापून काढा. मी कटरनं पाय कापले, पांढरं व्हिनेगर थोडं पाण्यात घालून टूथब्रशनं तेवढाच भाग घासला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतला. अल्कोहोलची बाटली दीडशे रुपयांना मिळाली. भिंगाखाली पाहिलं तर दोन रेघा काळवंडलेल्या होत्या, पण मल्टिमीटरच्या बीपवर (तार सलग असली की वाजतो) सलग लागल्या. बॅटरी हातमोजे घालून प्लास्टिकच्या डबीत बंद केली. कॅडमियम विषारी आहे, ती भंगारात टाकायची नाही.

आता एसएमपीएसकडं, म्हणजे मेन्सची वीज घेऊन कॉम्प्युटरला 5, 12 असे व्होल्ट देणाऱ्या डब्याकडं. आजच्या मशीनला लागणारा असतो एटीएक्स प्रकारचा, 1995 नंतरचा. त्याआधीचा तो एटी. एटीमध्ये मदरबोर्डला जाणारे दोन वेगळे प्लग असतात, पी8 आणि पी9, प्रत्येकी सहा तारांचे. आणि समोरचं चालू-बंदचं बटन थेट 230 व्होल्टचं! एसएमपीएसमधून चार तारांची जाड केबल निघते आणि डब्याच्या तोंडाशी असलेल्या बटनापर्यंत मेन्सची वीज घेऊन येते. आमच्या मशीनमध्ये त्या केबलच्या टोकांवरचं रबर पार कडक होऊन तडकलेलं होतं. असं मशीन 'लावून बघू' म्हणून प्लगमध्ये घालणं किती महागात पडेल, ते एकदा तिथं बोट ठेवून पाहिलं की समजतं. अर्थात पिन काढून.

जुना एसएमपीएस बोर्डापासून सोडवून एकटाच तपासला, तोही सिरीज बोर्डावर. इलेक्ट्रिशियन लोकांकडं असतो तो: 100 वॅटचा बल्ब आणि तपासायची वस्तू एकामागोमाग जोडलेली. वस्तू आतून शॉर्ट असली तर सगळी वीज बल्ब पितो आणि लख्ख पेटतो, फ्यूज उडत नाही, ठिणगी पडत नाही. वस्तू ठीक असली तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. यासाठी तारेचाच बल्ब हवा, एलईडी चालत नाही, आणि तो आता शोधावा लागतो. मला नागपूरच्या इतवारी बाजारात एका जुन्या दुकानात मिळाला. जुन्या एसएमपीएसवर 115/230 असं लाल बटन असतं, ते 230 वरच आहे ना, हेही आधी पाहा.

आमचा बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला. म्हणजे एसएमपीएसचा मेन्सकडचा भाग शॉर्ट.

तो घेऊन मेट्रोनं बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, गेलो. सुभाषनगरला बसलो की एसीत पोचतो, एप्रिलच्या दुपारी हे सुख कमी नाही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला दाखवला. त्यानं झाकण काढून आत फुगलेले मोठे कंडेन्सर दाखवले आणि म्हणाला, "करून देतो भाऊ, पन गॅरंटी नका मागू. हे दुरुस्त केलं की ते जाईन." मला त्याचं पटलं. एसएमपीएस घरी स्वतः उघडणाऱ्यांना एवढंच सांगतो की ते दोन मोठे कंडेन्सर मिळून मेन्समधून काढलेल्या 300 व्होल्टच्या वर चार्ज होतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो धरून ठेवतात. माहीत नसेल तर हात घालू नये.

पुढं तीन वाटा होत्या. जुना दुरुस्त करणं. कुठंतरी पडून राहिलेला 'नवा' एटी एसएमपीएस घेणं, पण तोही पंचवीस-तीस वर्षांचाच, त्यातले कंडेन्सरही तेवढेच जुने. किंवा आजचा एटीएक्स घेऊन त्यावर एटीचं कन्व्हर्टर, म्हणजे त्याच्या प्लगचे पी8-पी9 करून देणारी केबल, लावणं. मी तिसरी धरली, आणि कुणी विचारलं तर अजूनही तीच सांगीन. चुकलं तर जे जळणार आहे ते दुकानात परत मिळत नाही, मग त्याच्यामागं नवी, संरक्षण असलेली वीजच हवी.

दुकानदार मात्र वॅटवर बोलतात. "450 वॅट घेऊन जा, स्वस्तात देतो." तुम्ही डब्यावरचा तक्ता वाचा. आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी ताकद 12 व्होल्टवर घेतो. 486 च्या काळातला बोर्ड, त्यावरची कार्डं, रॅम, सगळं 5 व्होल्टवर चालतं, 12 व्होल्ट लागतो तो डिस्कच्या मोटरला आणि किरकोळ. म्हणजे पाहायचा तो 5 व्होल्टच्या रकान्यातला अँपिअरचा आकडा. आमच्यासारख्या मशीनला काही अँपिअर पुरतात, पण थोडी मोकळीक हवी. मी घेतला त्यावर 5 व्होल्टला 15 अँपिअर आणि उणे 12 व्होल्टला 0.3 अँपिअर लिहिलेलं होतं. किंमत 1,900 रुपये. हातात धरून वजनही पाहिलं. 450 वॅटवाला स्वस्त डबा रिकाम्या टिफिनसारखा हलका होता.

दुसरी एक गोष्ट. स्वस्त एसएमपीएसमध्ये 5 आणि 12 दोन्ही एकाच लगामानं सांभाळलेले असतात. एकावर भार आणि दुसरा मोकळा असला की भार असलेला खाली येतो आणि मोकळा वर चढतो. आपल्या जुन्या बोर्डाचा भार नेमका तसाच एकांगी. म्हणून मी गल्लीतल्या गॅरेजमधून मोटरसायकलच्या ब्रेक लाइटचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब आणला आणि चाचण्या करताना 12 व्होल्टवर लावला. पावणेदोन अँपिअर खातो, तापतो मात्र खूप. वर्तमानपत्रावर ठेवू नका.

कन्व्हर्टर नागपुरात कुठं मिळालं नाही. एका दुकानात विचारलं तर मालकानं माझ्याकडं पाहून विचारलं, "हे कायले पाहिजे बाप्पा तुमाले?" ऑनलाइन मागवलं, कुरिअरसकट साडेसहाशे, आणि ते यायला मे उजाडला.

कन्व्हर्टर आल्यावर लगेच लावलं नाही. एटीमध्ये पी8 च्या पहिल्या पिनवर नारिंगी तार असते, ती 'पॉवर गुड' नावाचा इशारा: वीज स्थिर झाली, आता सुरू हो, असं एसएमपीएस बोर्डाला सांगतो. एटीएक्समध्ये मात्र नारिंगी म्हणजे 3.3 व्होल्ट, आणि पॉवर गुडची तार राखाडी. नुसते रंग जुळवत जाणारा माणूस इथं फसतो. म्हणून मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक पिन तपासून वहीत मांडली. पी8 असा असायला हवा: पॉवर गुड, 5, 12, उणे 12, ग्राउंड, ग्राउंड. आणि पी9: ग्राउंड, ग्राउंड, उणे 5, मग तीन वेळा 5. माझ्या कन्व्हर्टरमध्ये सगळं बरोबर निघालं, फक्त पी9 चं तिसरं भोक रिकामं. म्हणजे उणे 5 व्होल्ट नाही.

तो कन्व्हर्टरचा दोष नव्हे. एटीएक्सच्या 2003 च्या सुमाराच्या आवृत्तीपासून उणे 5 व्होल्ट काढूनच टाकला गेला. भंगारात जुना एटीएक्स सापडला आणि त्याच्या वीस पिनांच्या प्लगात पांढरी तार दिसली तर त्यात तो असतो, पण मला धड काही सापडलं नाही. तो लागतोच का? 486 च्या बोर्डाला स्वतःला सहसा नाही, तो नुसता आयएसए स्लॉटपर्यंत पोचवलेला असतो, एखाद्या जुन्या कार्डाला हवा असला तर. तपासायची युक्ती अशी: कार्डाच्या मागच्या, म्हणजे सोल्डरच्या बाजूला, पत्र्याच्या पट्टीकडून मोजत पाचवं सोनेरी बोट पाहायचं. तिथं बोटच नसेल किंवा त्यातून रेघ निघत नसेल तर त्या कार्डाला उणे 5 नको.

डिस्प्ले कार्ड आणि मल्टी आयओ यांना नको होता हे स्पष्ट दिसलं. जिस्ट कार्डाबाबत मला खात्रीनं ठरवता आलं नाही, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्याच कार्डावर अंदाज कशाला? सरळ उणे 5 व्होल्ट बनवून घेतला. 7905 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर (ठरावीक व्होल्टेज देणारा सुटा भाग), 15 रुपये. उणे 12 दिला की उणे 5 देतो. दोन बारीक कंडेन्सर लागतात, एक येणाऱ्या बाजूला, एक जाणाऱ्या. दोन गोष्टी सांभाळायच्या. 7805 तुम्ही वापरला असेल तर त्याच्या पायांचा क्रम डोक्यातून काढून टाका: 7905 मध्ये पहिला पाय ग्राउंड, मधला इनपुट, तिसरा आउटपुट. आणि पाठीचा धातूचा पत्रा इनपुटला, म्हणजे उणे 12 ला, जोडलेला असतो. डब्याच्या पत्र्याला स्क्रूनं आवळला की सरळ शॉर्ट. आमच्यासाठी विजेचा भार इतका कमी की हीट सिंक (उष्णता ओढणारा पत्रा) लागलाच नाही, जनरल पर्पज पीसीबीच्या, म्हणजे भोकांच्या कोऱ्या पट्टीच्या, तुकड्यावर बसवला आणि वर हीट श्रिंकची नळी चढवली. कंडेन्सर लावतानाही लक्ष असू द्या. इथं ग्राउंड हाच वरचा, म्हणून अधिक टोक ग्राउंडला येतं.

यानंतरचं पाऊल लोक सोडून देतात. बोर्डाला काहीही जोडण्याआधी त्याच्याच सॉकेटवर प्रत्येक लाइन आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजायचा. 5 व्होल्टवर काही दहा ओहम आले, ते ठीक. उणे 12 ठीक. 12 व्होल्टवर एक ओहमपेक्षाही कमी!

हे त्या काळच्या बोर्डांचं जुनं दुखणं. त्यांवर टँटलमचे कंडेन्सर असतात, पिवळसर मण्यांसारखे, स्लॉटांच्या आसपास. म्हातारे झाले की ते आतून शॉर्ट होतात. बोर्ड मेला असं वाटतं, एसएमपीएस चालू होताच बंद होतो, आणि कारण असतं हा दहा-बारा रुपयांचा मणी. जास्त करंट मिळाला तर तो फटाक्यासारखा फुटतोही, म्हणून पहिल्यांदा वीज देताना तोंड बोर्डावर नको, डोळ्यांना चष्मा हवा.

कोणता खराब, हे शोधणं वेळखाऊ. एकाच लाइनवर सगळे समांतर जोडलेले असतात, त्यामुळं मीटर कुठंही लावला तरी शॉर्टच दाखवतो. मी प्रोब एका टोकाला धरून एकेका मण्याच्या अगदी पायांवर मोजत गेलो. एकाजवळ आकडा इतरांपेक्षा कणभर कमी येत होता, पहिल्या स्लॉटच्या टोकाला. त्याचा एक पाय सोल्डर वितळवून वर उचलला आणि बोर्डावर पुन्हा मोजलं. रोध एकदम काही हजार ओहमवर गेला. उचललेला मणी हातात घेऊन मोजला तर शॉर्ट. त्यावर 106 आणि 16 असं बारीक लिहिलेलं. 106 म्हणजे 10 मायक्रोफॅरड, 16 म्हणजे व्होल्ट. 12 च्या लाइनवर 16 व्होल्टचा मणी म्हणजे ओढूनताणूनच, मी 25 व्होल्टचा लावायचं ठरवलं.

पुन्हा बर्डी. मोदीच्या गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवरच्या काकांनी कपाटातला सगळ्यात खालचा खण ओढला. "टँटलम आता कोनी नेत नाही. किती देऊ?" पाच घेतले, बारा रुपये नग. त्यांनीच सांगितलं आणि मीही मोठ्या अक्षरांत लिहितो: साध्या कंडेन्सरवरची पट्टी उणे टोक दाखवते, टँटलमवरची पट्टी अधिक टोक. उलटा लावला तर पुन्हा शॉर्ट, बहुधा धुरासकट.

मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला आणि गच्चीवरच्या खोलीत दुपारी बसणं अशक्य झालं. काम पहाटे. त्याच दिवसांत नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. मी मात्र त्या दिवशी माझा मल्टिमीटर कोऱ्या सेलवर लावून पाहिला, जवळपास 1.6 दाखवला, मन शांत झालं. व्होल्टेज मोजून निर्णय घ्यायचे असतील तर मीटर खरं बोलतो का, हे आधी पाहिलेलं बरं. मीटरचा आतला सेल उतरला की स्वस्त मीटर आकडा चढवून दाखवतात.

एसएमपीएस एकटा चालवून पाहिला. एटीएक्सची हिरवी तार काळ्या तारेला टेकवली की तो सुरू होतो. 12 वर बल्ब लावलेला. 5 च्या जागी 5.08, 12 च्या जागी 11.94, उणे 12 च्या जागी उणे 11.8, माझ्या 7905 कडून उणे 5.02. मर्यादा अशी की 5 आणि 12 मध्ये पाच टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे 5 साठी 4.75 ते 5.25. उणे लाइनींना दहा टक्के.

मग बोर्ड. कार्ड एकही नाही, डिस्क नाही, फक्त प्रोसेसर, रॅम आणि स्पीकर. पी8 आणि पी9 सरळ दाबून बसत नाहीत. पाठीमागची दातेरी पट्टी आधी तिरकी अडकवायची, मग प्लग उभा करायचा. दोन्ही प्लगच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. लाल मधे आल्या असतील तर तिथंच थांबा. मी तीनदा पाहिलं, बायकोलाही दाखवलं, ती म्हणाली, "काळ्याला काळ्या आहेत, आता लावा एकदाचं."

हिरवी-काळी टेकवली. पंखा फिरला. दोनेक सेकंद काही नाही. मग स्पीकरमधून बीप सुरू झाले, मोजले तर आठ. एएमआयच्या बायॉसमध्ये आठ बीप म्हणजे डिस्प्ले कार्ड सापडत नाही, आणि आम्ही ते बसवलंच नव्हतं! याचा अर्थ प्रोसेसर चालतोय, बायॉस वाचली जातेय, रॅमची सुरुवातीची तपासणी पार झालीय. आठ बीपांनी मला इतका आनंद यापूर्वी कधी झाला नव्हता. चालू असतानाच प्लगच्या मागून प्रोब घालून 5 व्होल्ट मोजला: 4.95.

एकेक कार्ड चढवत गेलो, प्रत्येक वेळी बंद करून, आणि प्रत्येक वेळी 5 ची लाइन मोजून. डिस्प्ले कार्ड लावल्यावर रॅम मोजताना आकडे पळाले आणि सीएमओएस बॅटरी (वेळ आणि सेटिंग राखणारी, तीच कापलेली) कमी असल्याची तक्रार आली, जी येणारच होती. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा होती. तिथं तीन पेन्सिल सेलचा होल्डर लावला, वाटेत एक डायोड घालून. डायोड हवाच, कारण बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करायचा, साध्या सेलला चार्ज करू गेला तर सेल गळतील. होल्डर बोर्डापासून लांब, डब्याच्या पत्र्याला चिकटवला.

चालू-बंदचं बटन बदललं नाही. जुनी 230 ची केबल पूर्ण काढली आणि त्याच खटक्याला हिरवी-काळी तार सोल्डर केली. दाबलं की दाबलेलंच राहतं, एटीएक्सला तेच हवं. आता त्या बटनावर 5 व्होल्ट आहेत, वाचनालयातल्या कुणीही हात लावावा.

डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर तिच्या चिठ्ठीवरून वाचून बायॉसमध्ये टाइप 47 खाली, म्हणजे डिस्कचे आकडे स्वतः भरायच्या जागी, भरले. 540 एमबीच्या आसपासची डिस्क, पाचच्या सुमारास उठून घरघरली आणि डॉस आला. जून नुकताच लागलेला. जिस्ट सुरू झाल्यावर डीबेसमध्ये पहिली नोंद उघडली तेव्हा पडद्यावर जाडसर, चौकटीदार अक्षरांत 'दाखल क्र.' दिसलं. त्या दिवशी मॅडमना फोन केला, त्या वाळवीतून वाचलेली पानं घेऊन रिक्षानं आल्या आणि आम्ही दोघांनी पडद्यावरचे क्रमांक कागदाशी ताडून पाहिले. जुळत होते.

फाइली झिप करून फ्लॉपीवर घेतल्या, दोन संच, आणि लॅपटॉपला यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह लावून वाचल्या. रूपांतर एका लहानशा पायथॉन प्रोग्रॅमनं झालं, त्यात रफार आणि अर्ध्या र च्या जागा हातानं तपासाव्या लागल्या. तो वेगळा विषय आहे. जुलैच्या तपासणीला छापील यादी ग्रंथपाल आणि अध्यक्षांच्या सहीनं, वाळवीच्या पंचनाम्यासोबत जोडली.

जुना एसएमपीएस आणि ती निळी बॅटरी ई-कचऱ्यात दिली, पावती फाइलला लावली. मशीन ठरावाप्रमाणं परत केलं, सोबत एक पान: कोणती तार कुठं, बटन आता किती व्होल्टचं, सेल कधी बदलायचे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'एसएमपीएस बदलला' अशी नोंद करून घ्या, नाहीतर पुढच्या पडताळणीला कुणीतरी जुना कुठं गेला म्हणून विचारेल.

मल्टिमीटर आणि सोल्डर गन घरचेच होते. ते सोडून खर्च साधारण साडेतीन हजार झाला, त्यातला निम्म्याहून जास्त एसएमपीएसचा. संस्थेनं तो मंजूर केला. टँटलमच्या चिठ्ठीवर जीएसटी क्रमांक नव्हता, तेवढे 60 रुपये खजिनदारांनी कापले.